आक्कांच्या आठ खिडक्या

यंदा चैत्र सरायच्या आतच ऊन अंगावर आलं. सकाळी अकरालाच पत्रा तडतडायला लागतो. तळ्याकडच्या बाभळी शेंगा टाकतात. परड्यातल्या कोंबड्या पंख अंगापासून जरा लांब धरून, चोची उघड्या ठेवून उभ्या राहतात. भर वैशाखातल्या लग्नात जड शालू नेसून मांडवात अडकलेल्या बायका उभ्या असतात तशा. मग मी कोपऱ्यातला काठ्यांचा जुडगा सोडतो आणि खुराड्याच्या खिडक्या उघडायला घेतो. तळ्याच्या बाजूला चार, खाली. घराच्या बाजूला चार, वर पत्र्याला लागून. झडप बाहेर ढकलायची आणि तिच्याखाली काठी द्यायची. आठ खिडक्या, आठ काठ्या. दहा मिनिटांचं काम, पण मी त्याला अर्धा तास लावतो.

आठव्या खिडकीपाशी हात रेंगाळतो. इतर सातांपेक्षा ती लहान. तिच्या चौकटीत एका जागी बोटभर खोल खळगा आहे, वाटीसारखा गुळगुळीत. वर्षानुवर्षं पाण्याचा तांब्या टेकवून लाकूड झिजलेलं. चौकट आडवी बसवल्यामुळं तो खळगा आता खाली नाही, बाजूला आहे. तो तांब्या आमच्या घरातला नव्हता. खिडकीही नव्हती. आठही नव्हत्या.

त्या शेजारच्या शांताक्कांच्या. त्यांच्याशी मी एकदा एका शब्दाचं खोटं बोललो आणि तो शब्द आठ वर्षं पोसला. आजवर हे कुणाला नीट सांगितलं नाही. मुळात मी कमी बोलणारा. पाणीपुरवठा संस्थेत कारकुनी केली, तिथंही लोक म्हणायचे, 'हा माणूस तोंड पगाराच्या दिवशीच उघडतो.' पण कमी बोलणारा माणूस खरं बोलतो हा लोकांचा समज आहे. माझा अनुभव वेगळा आहे.

कळंब्याला तळ्याच्या पूर्वेला आमचं घर. पुढं रस्ता, मागं परडं. परडं उतारावर असल्यामुळं घरातून खाली जायला मातीत खोदलेल्या पंधरा पायऱ्या. खाली गोठा, गोठ्यापलीकडं खुराडं, त्याच्यापलीकडं बांध आणि मग पाणी. दुपारनंतर तळ्यावरून जो वारा सुटतो तो सरळ आमच्या परड्यात शिरतो. ही एवढी एक श्रीमंती आमच्या वाट्याला आली, आणि तिचा उपयोग कसा करायचा हे कळायला मला एकवीस कोंबड्या माराव्या लागल्या.

आक्का आमच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून. जैन घर. सासरचं शेत कुरुंदवाडकडं, पण नवऱ्याच्या नोकरीमुळं इकडं आलेल्या आणि नवरा गेल्यावर इथंच राहिलेल्या. माझी आई मी सहावीत असताना गेली. त्यानंतर शाळेतून आलो की पहिली हाक आक्कांची. "बाळू, हात धू आणि ये." दिवस मावळायच्या आत त्यांची चूल विझायची, म्हणून माझं रात्रीचं जेवण कितीतरी वर्षं उजेडातच झालं. आमच्या घरात मटण शिजायचं हे त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी त्या आपली खिडकी लावून घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी खिडकी परत उघडी.

नव्वद सालानंतर आमच्या भागात कौलं उतरायला लागली. ज्याला त्याला स्लॅब हवा होता. आक्कांच्या मुलानंही घर पाडायला काढलं. दिवाळी होऊन थंडी पडलेली, आणि आक्का घर होईपर्यंत कुरुंदवाडला भावाकडं निघालेल्या. बोळात आठ खिडक्या उभ्या करून ठेवल्या होत्या. सागवानी, गजांच्या, दोन दोन झडपांच्या. मला बोलावून म्हणाल्या, "बाळू, तुझ्या गोठ्याला भिंती घालणार हैस न्हवं? मग ह्या घेऊन जा."

"आक्का, सागवान हाय ह्ये. इकलं तर—"

"घरानं इतकी वर्सं ज्यातनं श्वास घेतला, ते इकत्यात व्हय रं? मुक्या जनावराला वारा लागंल तेवढाच." मग जरा थांबून, बोट वर करून म्हणाल्या, "म्हशीला हां. तुझ्या त्या कोंबड्यांस्नी न्हाई. ज्या खिडकीत उभं राहून मी बारीक जीव मरू न्हाईत म्हणून पाणी गाळलं, तिच्यातनं कापायला जाणारं पाखरू बाहीर बघाया नको."

"व्हय आक्का. गोठ्यालाच."

त्या दिवशी ते खरं होतं. गोठ्याच्या भिंतींसाठी विटा आणलेल्या होत्या. खिडक्या मी स्वतः उचलून पायऱ्यांवरून खाली नेल्या आणि गोठ्याशेजारी पोत्याखाली झाकून ठेवल्या. खोट्याची सुरुवात खोट्यानं होत नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. सुटका म्हणून नव्हे, तसंच झालं म्हणून.

कोंबड्या नुकत्याच आणल्या होत्या. साठ. गावठीच, अंड्यांसाठी. बायकोची, सुमनची हौस आणि माझी घाई. आमच्या परड्यात मुंगसं फार. बांधाच्या दगडांतून निघतात, माणसाकडं बघतात आणि जणू आपणच घरमालक अशा चालीनं निघून जातात. त्या मुंगसांच्या भीतीनं मी खुराडं बांधलं ते किल्ल्यासारखं. गोठ्यासाठी आणलेल्या विटा तिकडंच गेल्या. वर पत्रा, एक दार, आणि वाऱ्यासाठी म्हणून मूठ जाईल एवढी सहा भोकं. त्या भोकांनाही जाळी. मुंगूसच काय, उंदराचीसुद्धा काय टाप होती आत शिरायची. थंडीभर सगळं ठीक चाललं. माझी छाती दोन इंच फुगली होती.

चैत्र लागला. खुराड्याचं दार उघडलं की डोळ्यांत मिरची गेल्यासारखं व्हायचं. जमिनीवर भाताचं तूस पसरलेलं, त्यात विष्ठा, त्यावर ओल, आणि वर तापलेला पत्रा. मी म्हणायचो, कोंबड्या म्हटल्यावर वास यायचाच. सुमन म्हणायची, "एवढा?" अंडी कमी झाली. मी खाद्याला दोष दिला.

मग ती दुपार. संस्थेतून जेवायला घरी आलो होतो. सुमन पायऱ्यांवर बसलेली. तिनं नुसतं खाली बोट केलं. दार उघडं होतं तरी आतून भट्टीसारखी हवा तोंडावर येत होती. दाराशी एकमेकींच्या अंगावर चढून पडलेल्या कोंबड्या. जिथून उजेडाची फट दिसली तिथं गर्दी केलेली. एकवीस. राहिलेल्या कडेला माना टाकून, धापा टाकत. आम्ही दोघांनी त्यांना पाणी पाजलं, बाहेर सावलीत सोडलं. मेलेल्या कोंबड्या लिंबाच्या बुडाशी पुरल्या. हात धुताना सुमन म्हणाली, "मुंगसाच्या भ्यानं आपणच मारल्या ओ."

मला अजून वाटतं, तिनं 'आपणच' म्हणायला नको होतं. ती उदार आहे.

दुसऱ्या दिवशी रसूल मिस्त्रींना बोलावलं. आमच्या भागात दारं-खिडक्या म्हटलं की रसूल मिस्त्री. कानावर पेन्सिल, तोंडात बिडी. पायऱ्या उतरून आले, खुराड्याला एक फेरी मारली, दारातून डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"क्लार्कसायब, तिकडं जेल बघितलाय न्हवं आपल्या गावातला?"

"बघितलाय की. बाहेरनं."

"तिथं दरोडेखोराला बी खिडकी देत्यात. ह्या बिचाऱ्यांनी काय खून केलाता?"

सुमन पदर तोंडाला लावून हसली. कालपासून पहिल्यांदा.

मिस्त्रींनी मला खुराड्यात नेलं आणि म्हणाले, "बसा. खाली. कोंबडीच्या उंचीला." मी उकिडवा बसलो. "आता घ्या श्वास." अर्ध्या मिनिटात मी खोकत बाहेर. "तुमी दारात उभं राहून वास घेताय. तुमचं नाक पाच फुटावर, तिचं नाक अर्ध्या फुटावर. घाण हवा तिच्या वाट्याला." इतकी वर्षं मी पाण्याचा दाब, उंची, उतार असल्याच गोष्टींची कागदं लिहीत होतो, हवेलाही वर-खाली असतं हे मला बिडी ओढणाऱ्या सुतारानं शिकवलं.

त्यांनी दारात उभं राहून बिडीचा धूर सोडला. धूर तिथंच घोटाळला, पत्र्याकडं गेला आणि खाली उतरला. "बघा. पावणा आला, पर निघायला वाट न्हाई. गार हवा जड. ती खालनं आत येऊ द्या. तापली की वर चढती. तिला वरनं बाहीर जाऊ द्या. एवढंच शास्तर हाय. तळ्याच्या अंगाला खाली चार खिडक्या, घराच्या अंगाला पत्र्याखाली चार. हिकडनं आत, तिकडनं बाहीर." मग त्यांचं लक्ष गोठ्याशेजारच्या पोत्याकडं गेलं. पोतं उचलून त्यांनी लाकडावर टिचकी मारली. "ह्या कुणासाठी लपवून ठेवल्यात?"

"त्या गोठ्याच्या हैत."

मिस्त्रींनी गोठ्याकडं बघितलं. म्हैस चार खांबांमध्ये उभी. तिन्ही बाजूंनी तळ्याचा वारा तिच्या अंगावरून जात होता. भिंत एकच, घराच्या बाजूची. "गोठ्याला भिंत कुठं हाय खिडकी लावायला?"

सुमननं माझ्याकडं बघितलं. हळूच म्हणाली, "आक्का काय म्हणतील?"

"उन्हाळा सरू दे. गोठ्याला भिंती घातल्या की काढून तिकडं लावू."

मनाला मी तेच सांगितलं. मनानं ते घेतलंही. आपलं मन आपल्याशी फार हुज्जत घालत नाही.

दोन दिवस मिस्त्रींनी भिंती फोडल्या. चौकटी उभ्या न लावता आडव्या घातल्या, म्हणजे बिजागऱ्या वरच्या बाजूला आल्या आणि झडप छपरीसारखी बाहेर उघडायला लागली. ऊन अडतं, पावसाचा शिंतोडा अडतो, वारा तेवढा आत येतो. दुसरी झडप काढून तिच्या फळ्यांच्या अंडी घालायच्या पेट्या केल्या. गज होतेच, आतून बारीक जाळी ठोकली, मुंगसाचाही मान राखला. कोंबड्यांच्या बसायच्या दांड्या खालच्या खिडक्यांच्या रेषेतून हलवल्या, म्हणजे थंडीत रात्रभर झोत अंगावर यायला नको. शेवटची ती लहान खिडकी, वर पत्र्याखाली. लावताना मिस्त्रींचा अंगठा त्या खळग्यात टेकला. "ह्ये काय?"

"पाणी गाळायच्या तांब्याचं."

त्यांनी रंधा हातात घेतला होता. तो परत पिशवीत ठेवला. "ऱ्हाऊ दे तसंच," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी परत बिडीचा धूर सोडला. या खेपेला धूर थांबलाच नाही. आडवा गेला, वर चढला आणि घराच्या बाजूच्या खिडकीतून निघून गेला. आम्ही तिघं वर बघत उभे. मला वाटतं देवळाचा कळस बसताना लोक असेच बघत असतील.

त्या वैशाखासारखा वैशाख मी परत अनुभवला नाही. दुपारी जेवून मी खुराड्याच्या सावलीत पोतं टाकायचो. खालच्या खिडक्यांवर सुमन ओली गोणपाटं सोडायची. तळ्याचा वारा त्यांतून गाळून आत यायचा, आणि ओल्या तागाचा, तुसाचा, कोरड्या पिसांचा मिळून असा एक वास यायचा की झोप लागावी. आतून कोंबड्यांची ती दुपारची कुजबूज, कुणी कुणाला काही सांगत नाही, नुसत्याच बोलतात. मध्येच एखादी अंडं घालून गावाला ओरडून सांगायची. जेलचे टोल ऐकू यायचे. एखादा वळीव यायचा, मोठे थेंब पत्र्यावर आपटायचे, छपऱ्यांवरून पाणी बाहेरच्या बाहेर पडायचं आणि आत तूस कोरडं. मी हात घालून बघायचो. कोरडं. त्या कोरड्या तुसानं मला जेवढं सुख दिलं तेवढं पुढं बढतीनंही दिलं नाही. एकोणचाळीस कोंबड्या राहिल्या होत्या. त्यानंतर उन्हानं एकही गेली नाही.

अक्षय तृतीयेला आक्कांचं नवं घर झालं. त्या दिवशी त्यांच्याकडं उसाचा रस देतात. पेला माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, "लावल्या का रं खिडक्या?"

उसाचा रस तोंडाशी होता. सगळे पाहुणे बसलेले. मी म्हणालो, "लावल्या."

शब्द खोटा नव्हता, हे माझ्या डोक्यात लगेच आलं. लावल्या होत्याच. पण त्यांचा चेहरा असा उजळला की मला कळलं, त्यांनी काय ऐकलं. पाहुण्यांना म्हणाल्या, "ह्याच्या म्हशीला माझ्या खिडकीतनं वारा लागतोय बघा." रस गोड होता. मी पेला तसाच खाली ठेवला.

गोठ्याच्या भिंती झाल्या नाहीत. पुढच्या वर्षीही नाहीत. खरं सांगायचं तर त्या करायच्याच नव्हत्या, म्हैस होती त्यात खूश होती. आणि खिडक्या काढायच्या म्हणजे कोंबड्यांना परत जेलमध्ये घालायचं. मी दोन्हींत निवड केली आणि ती आक्कांना सांगितली नाही.

आक्कांचं नवं घर उन्हाळ्यात तापायचं. वर स्लॅब, खिडक्या दोनच, त्याही सरकत्या, पंखा गरम हवा ढवळत बसलेला. दुपारी त्या आमच्या ओसरीवर येऊन टेकायच्या. कपाळाचा घाम पुसत म्हणायच्या, "त्या घरात जीव गुदमरतोय बघ. पर एक बरं वाटतंय. माझ्या खिडक्यांचा गार वारा तुझी म्हैस तरी खातीया." मी आत जाऊन पाणी आणायचो. पाणी आणायला मला त्या वर्षांत जेवढा वेळ लागला तेवढा आडातून शेंदून आणायलाही लागला नसता.

एकदा म्हणाल्या, "मला दाखीव की रं तुझा गोठा." मी म्हणालो, पायऱ्या फार आहेत, तुमचे गुडघे. "बांधावरनं यीन की. तळ्याच्या कडंनं सपाट हाय." मी म्हणालो, "बांधावर साप हाय आक्का." साप कुठला! पण तो साप मग मी आठ वर्षं पाळला. दर उन्हाळ्यात त्याला बाहेर काढायचो. सुमन मला एकट्यात म्हणायची, "तुमच्या त्या सापाचं वय काय झालं ओ? पेन्शनीला आला आसंल."

आणि हे सगळं एकवेळ मी पचवलं असतं. पण भाद्रपद यायचा.

भाद्रपदात त्यांचं दहा दिवसांचं पर्व. आक्का दिवसातून एकदाच जेवायच्या, कधी तेही नाही. पर्व संपलं की क्षमेचा दिवस. त्या दिवशी त्यांच्यात एकमेकांकडं जाऊन वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात. आक्का गल्लीतल्या सगळ्या घरी जायच्या, पण पहिल्या आमच्याकडं. माझ्यापुढं, त्यांच्या हातचं जेवून वाढलेल्या पोरापुढं, हात जोडून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "बाळू, वर्षात कळत-नकळत माझ्याकडनं काय चुकलं आसंल, तर क्षमा कर."

मी म्हणायचो, "काय आक्का, तुमचं काय चुकणार?"

आणि त्या थांबायच्या. क्षणभरच. त्या दिवसाची रीत अशी की समोरच्यानंही तेच म्हणायचं. मी म्हणत नव्हतो. आपल्यात ती रीत नाही ही माझी सबब होती. त्या परत हसून पुढच्या दारी जायच्या. ज्याचं चुकलं तो उभा, आणि जिचं काही चुकलं नाही ती हात जोडून. हे आठ वेळा झालं. मोजलंय मी.

नवव्या वर्षी पाऊस उशिरा थांबला होता. सकाळचं कोवळं ऊन ओसरीवर. आक्का काठी टेकत आल्या, काठी भिंतीला लावली, हात जोडले. म्हणायला तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "आक्का, थांबा. आधी माझं."

कुठून आलं कोण जाणे. त्यांचे ते जोडलेले हात म्हातारे दिसले, एवढंच आठवतं. शिरा वर आलेल्या. मी खाली बसलो आणि सांगितलं. खिडक्या गोठ्याला लावल्याच नाहीत. आठही कोंबड्यांच्या खुराड्याला आहेत. तुमची पाणी गाळायचीसुद्धा. बांधावर साप नाही. कधी नव्हता. आत सुमन भांडी घासत होती, तो आवाज थांबला.

आक्कांनी जोडलेले हात सोडले. मग ओसरीच्या कडेवर बसल्या.

"आठ वर्सं?"

"व्हय."

"दर साली मी इथं येऊन उभी राहिले. तू मला हात जोडू दिलंस?"

खिडक्यांचं काही नाही. कोंबड्यांचं नाही. त्यांना तेवढंच लागलं, आणि ते मला अपेक्षित नव्हतं. मी तोंड खाली घालून बसलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की नाही, बघायचं धाडस झालं नाही.

"चल," म्हणाल्या. "दाखीव."

"पायऱ्या—"

"बांधावरनं. साप मेलाय न्हवं आता?"

आत सुमनला हसू फुटलं, ते तिनं खोकल्यात घातलं.

आम्ही तळ्याच्या कडेनं गेलो. आक्कांना अर्धा तास लागला. मी बरोबर, दोन पावलं मागं. खुराड्यापाशी त्या थांबल्या. आत पाऊल घातलं नाही, ते मी समजूनच होतो. बाहेरूनच एकेक खिडकी बघितली. झडपेला हात लावून बघितला, काठी हलवून बघितली. वरच्या लहान खिडकीकडं मान उंचावून बराच वेळ बघत राहिल्या. आतून एक तांबडी कोंबडी खालच्या गजांमधून मान वाकडी करून त्यांच्याकडं बघत होती. दोघींनी एकमेकींकडं चांगलं निरखून बघितलं.

मी म्हणालो, "ती लहान खिडकी काढून देतो आक्का. तुमच्या स्वयंपाकघराला लावू. मिस्त्रींना आजच—"

"नको. आता ती त्यांची झाली." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "नेम घे."

जैनांमध्ये नेम घेतात. मुनी आले की लोक त्यांच्यासमोर काही ना काही सोडायचं कबूल करतात. कुणी कांदा, कुणी बटाटा, कुणी चार महिने रात्रीचं पाणी. मी आयुष्यात कधी नेम घेतला नव्हता. "कसला?"

"ह्या खिडक्यांच्या आत वाढलेलं पाखरू सुरीखाली जायचं न्हाई. न्हाई म्हंजे न्हाई."

"आणि अंडी?"

"अंड्याचं मी इचारलं न्हाई. तू बी सांगू नगं."

मी हात जोडले. क्षमा राहिली होती, तीही मागितली. आपल्यात रीत नसली तरी. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, कथेत ठेवतात तसा. नुसतं "बरं" म्हणाल्या आणि काठी उचलली. चार दिवस ओसरीवर आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या.

नेम घेतला तेव्हा त्याचा अर्थ मला नीट कळला नव्हता. कोंबडी दोन-तीन वर्षं भरपूर अंडी घालते, मग कमी, मग नाहीच. सगळे त्याच वेळी विकून नवी पिल्लं आणतात. आम्ही विकायचं थांबवलं. त्या एकेक करून म्हाताऱ्या व्हायला लागल्या. अंडी आटली, खाणं आटलं नाही. गल्लीत चेष्टा सुरू झाली. रसूल मिस्त्री येता-जाता विचारायचे, "क्लार्कसायब, आश्रमात जागा हाय का? माझं बी वय झालंय." सुमन भाव बघून खाद्य आणते आणि मला सुनावते, "नेम तुमचा, पोतं मी उचलायचं." पण दाणे टाकताना प्रत्येकीला नावानं हाक मारते, हे तिला वाटतं मला ऐकू येत नाही. अंड्यांसाठी चार तरण्या आणतो अधूनमधून. त्याही इथंच म्हाताऱ्या होतात. परडं भरत चाललंय. मला याचा तोटा वाटायला हवा. वाटत नाही, हेही आज सांगून टाकतो.

आक्का आता सत्तरीच्या पुढं गेल्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणून संध्याकाळी, त्यांचं जेवण उरकल्यावर आणि दिवस मावळायच्या आधी, त्या बांधावरून येतात. पदराच्या टोकाला ज्वारीच्या कण्या बांधलेल्या. खुराड्यात अजून पाऊल घालत नाहीत. बाहेरच उभ्या राहून खालच्या खिडकीच्या गजांमधून कण्या टाकतात.

परवा अशाच आल्या. दिवसभराचा उकाडा उतरून तळ्यावरचा वारा नुकता सुटला होता. बाकीच्या कोंबड्या कण्यांवर धावल्या, एक पांढरी तेवढी जाळीपाशी वाऱ्याला तोंड करून बसून राहिली. पिसं हलत होती, ती हलत नव्हती. आक्कांनी तिच्यापुढं मुद्दाम मूठभर टाकल्या. तिनं बघितलंही नाही.

"ही खुडूक बसलीया का दुखणाईत हाय?"

"म्हातारी झालीया आक्का. वारा आला की आशीच बसती. खायला बी उठत न्हाई."

आक्कांनी तिच्याकडं बघितलं. मग इकडं तिकडं बघून एक पालथं घमेलं काठीनं जवळ ओढलं आणि खिडकीपाशी, छपरीच्या सावलीत, हळूहळू टेकल्या.

"मग बसू दे की," म्हणाल्या.